बंदी संपल्यावर खेळाडू कोरा होतो का?

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. पश्चिम उपनगरांतल्या तुमच्यापैकी काही जणांनी ते बाहेरून नक्की पाहिले असेल, कुणी आंतरशालेय स्पर्धेच्या निमित्ताने आतही गेले असेल. या केंद्रातल्या कुस्तीच्या गादीवर नरसिंग यादव घडला. मुंबईत दुधाचा व्यवसाय करणाऱ्या घरातला हा मुलगा. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ७४ किलो गटात सुवर्णपदक मिळवले आणि २०११, २०१२, २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खांद्यावर घेतली. महाराष्ट्र पोलीस दलात तो उपअधीक्षक झाला. २०१५ च्या सप्टेंबरात लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले आणि त्याबरोबर रिओ ऑलिंपिकमध्ये भारतासाठी ७४ किलो गटाची एक जागाही.

त्या जागेवरून मोठा वाद झाला. दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशील कुमार याचे म्हणणे होते की आपली आणि नरसिंगची निवडचाचणी व्हावी. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने सुशीलची मागणी फेटाळली. नरसिंग रिओला जाणार हे ठरले. त्यानंतर तीनच आठवड्यांत, २५ जूनला, त्याच्या मूत्राचा नमुना घेतला गेला. ५ जुलैला दुसरा. दोन्ही नमुन्यांत मेथँडिएनोन या द्रव्याचे अवशेष सापडले.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. नरसिंगने सांगितले की सोनिपतच्या शिबिरात कोणीतरी मुद्दाम आपल्या पेयात हे मिसळले. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या एका कुस्तीगिराच्या नमुन्यातही तेच द्रव्य निघाले होते. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या समितीने त्याचे म्हणणे मान्य करून त्याला निर्दोष ठरवले. त्यावर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने (हिला ‘वाडा’ म्हणतात, आपल्या पेशवाई वाड्यांशी तिचा काही संबंध नाही) क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली. १८ ऑगस्टला रिओतच सुनावणी झाली आणि लवादाने चार वर्षांची बंदी घातली. त्याची कुस्ती दुसऱ्या दिवशी होती. ७४ किलो गटात भारताकडून कोणीच उतरले नाही.

बंदी २०२० साली संपली. करोनामुळे टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले होते, त्यामुळे नरसिंगला पुन्हा प्रयत्न करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा अनेकांनी विचारले, ‘अशा खेळाडूला दुसरी संधी द्यावी का?’ हा प्रश्न शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत नेहमी येतो, आणि दोन्ही बाजूंची मुले टाळ्या घेणारी वाक्ये बोलून खाली बसतात. आपण जरा निराळ्या वाटेने जाऊ या. या प्रश्नाच्या पोटात विज्ञानाचे दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, दोष झाला हे आपल्याला कळते कसे, आणि तो किती मोठा हे ठरते कसे? दुसरा, बंदीचा काळ संपल्यावर त्या द्रव्याचा फायदाही संपलेला असतो का?

आधी ते द्रव्य समजून घेऊ. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. मुलगे वयात येताना आवाज फुटतो, खांदे रुंद होतात, स्नायू भरतात, ते मुख्यतः याच्यामुळे. स्नायूंच्या पेशींना ते ‘प्रथिने जास्त बनवा’ असा जणू हुकूमच देते. मात्र हे संप्रेरक गोळी करून गिळले तर आतड्यातून थेट यकृतात जाते आणि यकृत त्याचा बराचसा भाग तिथल्या तिथे मोडून टाकते. रसायनतज्ज्ञांनी त्यावर तोडगा काढला. रेणूच्या सतराव्या कार्बनवर एक जादा मेथिल गट बसवला की यकृताला तो रेणू सहज मोडता येत नाही. असा मेथिल गट आणि एक जादा दुहेरी बंध असलेला टेस्टोस्टेरॉनचा भाऊ म्हणजे मेथँडिएनोन. १९५० नंतरच्या दशकात सिबा या औषध कंपनीने तो बनवला. जो मेथिल गट त्याला यकृतातून सुखरूप बाहेर काढतो तोच यकृताला अपायही करतो. व्यायामशाळेत ‘ताकदीची गोळी’ म्हणून कोणी काही पुढे केले तर हे रसायनशास्त्र आठवावे.

शरीर असा रेणू हळूहळू बदलत जाते. त्याचे जे तुकडे किंवा बदललेली रूपे मूत्रावाटे बाहेर पडतात त्यांना चयापचयज म्हणतात. काही चयापचयज दोन-चार दिवसांत नाहीसे होतात, काही कित्येक आठवडे रेंगाळतात. प्रयोगशाळेत नमुन्यातील घटक प्रथम वायुवर्णलेखनाने एकमेकांपासून वेगळे करतात. मग वस्तुमान वर्णपटमापक या यंत्रात प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्या तुकड्यांची वजने मोजतात. प्रत्येक रेणू आपल्या ठरावीक पद्धतीने फुटतो, त्यामुळे तुकड्यांवरून मूळ रेणू ओळखता येतो. बोटांच्या ठशासारखेच म्हणा ना. नमुना घेतानाच तो ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत भरून मोहोरबंद करतात. ‘अ’ मध्ये काही सापडले तर खेळाडूच्या समक्ष ‘ब’ उघडण्याची मागणी करता येते.

आता खरी मौज. द्रव्य सापडले एवढ्यावरून ते कसे पोटात गेले हे कळेल का? अगदी थेट नाही; पण प्रमाणावरून बरेच कळते. यासाठी एक प्रयोग वर्गात करून पाहा. ३२ चिंचोके मधोमध फोडा, म्हणजे ६४ फाका मिळतील. प्रत्येक फाकेची एक बाजू पांढरी, एक तपकिरी. सगळ्या फाका जमिनीवर टाका आणि पांढरी बाजू वर आलेल्या उचलून बाजूला ठेवा. उरलेल्या पुन्हा टाका. दर फेकीला साधारण निम्म्या कमी होतील : ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आकडे तंतोतंत येणार नाहीत, पण उतार असाच राहील. शरीरातून औषध साधारण याच रीतीने बाहेर पडते. ठरावीक काळात निम्मे, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचे निम्मे. या काळाला अर्धायुकाल म्हणतात.

हाच प्रयोग उलटा वाचता येतो. समजा, एका रेणूचा अर्धायुकाल एक दिवस आहे. तर दहा दिवसांत तो १०२४ वा भाग उरेल. दहाव्या दिवशी एक भाग सापडला तर आरंभी सुमारे हजार भाग असले पाहिजेत. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत; प्रत्यक्षात निरनिराळ्या चयापचयजांचे वेग निरनिराळे असतात आणि हिशेब पुष्कळ गुंतागुंतीचा होतो.) नरसिंगचे दोन नमुने बरोबर दहा दिवसांच्या अंतराने घेतलेले होते, म्हणजे तज्ज्ञांच्या हाती उतरणीवरचे दोन बिंदू होते. लवादापुढे मत आले ते असे : पहिल्या नमुन्यातील दीर्घकाळ टिकणाऱ्या चयापचयजाचे प्रमाण इतके मोठे आहे की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीने येणे संभवत नाही, एक-दोन गोळ्या पोटात गेल्या असल्या पाहिजेत. दुसरा नमुना त्याच उतरणीवर बसतो. स्टिरॉइडे पाण्यात फारशी विरघळत नाहीत, हेही लक्षात घ्या. पेल्यात टाकलेली भुकटी साखरेसारखी दिसेनाशी होणार नाही. कटाची गोष्ट सिद्ध करण्यासारखा खरा पुरावा खेळाडूने दिलेला नाही, गोळीच्या रूपाने आणि एकाहून अधिक वेळा हे घेतले गेले असे लवादाने मानले आणि पूर्ण शिक्षा दिली. आपण निर्दोष आहोत, आपल्याविरुद्ध डाव झाला, असे नरसिंग मात्र कायम सांगत आला.

येथे कायद्याचा एक कठोर नियम आहे, तो ध्यानात ठेवला पाहिजे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कोणी दिले, कसे आले, हेतू काय, हे प्रश्न शिक्षा किती द्यायची यासाठी विचारतात. दोष झाला की नाही यासाठी नव्हे. नेहमीच्या न्यायालयात आरोप सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर असतो, इथे तो बराचसा उलटतो. मला स्वतःला हा नियम पटायला वेळ लागला. पण दुसरा नियम काय करणार? ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य प्रत्येकालाच म्हणता येते आणि मनातले मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही.

आता याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवू. विरारहून लोकलने वांद्र्याला सरावाला येणारा पृथ्वी शॉ तुम्हाला माहीत आहे. २०१३ साली हॅरिस शिल्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेसाठी ५४६ धावा करणारा तो हाच. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला गेला आणि त्यात टर्ब्युटालिन निघाले. हे द्रव्य श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करते, म्हणून दम्यावर देतात, आणि खोकल्याच्या कित्येक सिरपांत ते असते. श्वसनाच्या त्रासासाठी औषध घेतले, कामगिरी वाढवण्यासाठी नव्हे, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला आणि आठ महिन्यांची बंदी घातली. बंदीची मोजणी मात्र मागे नेऊन १६ मार्चपासून धरली, म्हणजे ती १५ नोव्हेंबरला संपली. निर्णय जाहीर झाला ३० जुलैला. हिशेब करा : प्रत्यक्ष भोगायची राहिली साडेतीन महिन्यांची बंदी, आणि मागे मोजलेल्या काळात तो आयपीएलचे सामने खेळून झाला होता. वीस वर्षांच्याही आतल्या मुलाला सौम्य शिक्षा मिळाली याचे मला वाईट वाटत नाही, पण मागल्या तारखेचा हा हिशेब खटकतो. शिक्षा थोडी असेल तर थोडी द्यावी; जो काळ खेळण्यात गेला तो शिक्षेत धरू नये.

१७ नोव्हेंबरला, बंदी संपल्यावर दोन दिवसांनी, वानखेडेवर आसामविरुद्ध त्याने ३९ चेंडूंत ६३ धावा केल्या. त्या दिवशी कोणी ‘याला संधी का दिली’ असे फारसे विचारले नाही. खोकल्याचे औषध आणि मेथँडिएनोन यांत लोकांनी आपोआपच फरक केला, आणि तो बरोबर आहे. टर्ब्युटालिनचा परिणाम काही तासांचा. औषध उतरले की संपले. त्याच्या बाबतीत ‘बंदी संपली तरी फायदा उरला असेल का’ हा प्रश्नच उठत नाही.

स्टिरॉइडांच्या बाबतीत मात्र उठतो, आणि इथे विज्ञानाने लोकांना कोड्यात टाकले आहे.

स्नायूचा तंतू ही शरीरातील एक विलक्षण पेशी आहे. बहुतेक पेशींना एकच केंद्रक असते. स्नायुतंतू इतका लांब असतो की त्याला शेकडो केंद्रके लागतात. प्रत्येक केंद्रक आपल्या आजूबाजूच्या भागासाठी प्रथिने बनवण्याचा कारभार पाहते, जसे मोठ्या गृहनिर्माण वसाहतीत प्रत्येक इमारतीचा वेगळा सचिव असावा. व्यायामाने किंवा स्टिरॉइडांनी तंतू जाड होताना शेजारच्या राखीव पेशी त्याच्यात मिसळतात आणि आपली केंद्रके त्याला देतात. व्यायाम थांबला, औषध थांबले की तंतू पुन्हा बारीक होतो. मग ती जादा केंद्रके जातात की राहतात?

नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. उंदरांना १४ दिवस टेस्टोस्टेरॉन दिले. केंद्रकांची संख्या ६६ टक्क्यांनी वाढली, तंतूंची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, ७७ टक्क्यांनी. मग औषध बंद केले. तीन आठवड्यांत तंतू इतर उंदरांएवढेच झाले. बाहेरून पाहणाऱ्याला हे उंदीर कोरे दिसले असते. पण जादा केंद्रके तीन महिन्यांनीही तिथेच होती. आता दोन्ही प्रकारच्या उंदरांच्या स्नायूंवर सहा दिवस जादा भार टाकला. ज्यांना पूर्वी औषध दिले होते त्यांचे तंतू ३१ टक्क्यांनी वाढले. ज्यांना कधीच दिले नव्हते त्यांच्यात लक्षात घेण्याजोगी वाढ झाली नाही. याला ‘स्नायूंची स्मृती’ म्हणतात.

तीन महिने म्हणजे उंदराच्या आयुष्याचा दहावा भाग तरी होतोच. माणसाचे आयुष्य सत्तर वर्षे धरले तर दहावा भाग सात वर्षे, चारपेक्षा जास्त. हे त्रैराशिक मोहात पाडणारे आहे, पण तिथेच सावध व्हा. उंदीर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. माणसांवर असा प्रयोग करताही येत नाही. निरोगी मुलांना मुद्दाम स्टिरॉइडे देऊन दहा वर्षे पाहत बसण्याची परवानगी कोण देईल? ज्यांनी पूर्वी स्वतःहून घेतली अशा माणसांचे स्नायू तपासणे एवढेच शक्य आहे. २०२३ साली डेन्मार्कमधील अशा एका अभ्यासात, घेणे सोडून बराच काळ लोटलेल्या पुरुषांतही केंद्रकांची घनता जास्त आढळली. दुसरीकडे, साध्या व्यायामाने मिळालेली केंद्रके स्नायू झिजल्यावर टिकत नाहीत असे सांगणारे प्रयोगही आहेत. वाद मिटलेला नाही.

मग काही जण म्हणतील, शंका आहे ना, तर आजन्म बंदी घाला. हा विचार नवा नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने एकेकाळी असा नियम केला होता की सहा महिन्यांहून अधिक बंदी झालेल्याने, बंदी संपली असली तरी, पुढच्या ऑलिंपिकमध्ये उतरू नये. अमेरिकेचा ४०० मीटरचा धावपटू लाशॉन मेरिट याच्या निमित्ताने तो नियम लवादापुढे आला. मेरिटने दुकानातून घेतलेल्या एका गोळीत बंदी असलेले द्रव्य होते आणि त्याने २१ महिन्यांची बंदी भोगली होती. २०११ च्या ऑक्टोबरात लवादाने निकाल दिला की एका दोषासाठी दोनदा शिक्षा देता येणार नाही, आणि नियम रद्द झाला. मला हा निकाल योग्य वाटतो. शिक्षा अपुरी वाटत असेल तर ती आधीच वाढवावी, सर्वांना माहीत असलेल्या नियमाने. २०१५ पासून मुद्दाम केलेल्या स्टिरॉइडांच्या दोषाला दोनऐवजी चार वर्षे झाली ती तशीच. पण शिक्षा भोगून आलेल्याला दारात अडवून ‘तुझ्या स्नायूंत काही शिल्लक असेल’ असे म्हणणे म्हणजे न मोजलेल्या गोष्टीवरून दंड करणे होय.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती मैदानात दिसते. अमेरिकेचा जस्टिन गॅटलिन चार वर्षांची बंदी संपवून २०१० मध्ये परतला. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने १०० मीटर ९.९२ सेकंदांत धावून उसेन बोल्टला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. नियमाप्रमाणे सुवर्णपदक त्याचेच होते. त्या पदकात जुन्या द्रव्याचा वाटा होता का, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि बोल्टच्या बाजूने विचार केला तर हीच गोष्ट टोचते.

नरसिंगचे काय झाले? २०२० च्या डिसेंबरात बेलग्रेडच्या विश्वचषक स्पर्धेत तो एकतीस वर्षांचा होऊन गादीवर आला आणि पहिल्याच कुस्तीत हरला. टोकियोला तो जाऊ शकला नाही. बंदीच्या काळात खेळाडूला संघाबरोबर किंवा कांदिवलीसारख्या केंद्रात सराव करता येत नाही. अगदी शेवटी काही आठवडे तेवढी मुभा मिळते. चार वर्षे तोडीचा जोडीदार न मिळता डाव बोथट होतात, वय वाढते. स्नायूंत जादा केंद्रके उरली असतील वा नसतील. नुसत्या केंद्रकांनी कुस्ती मारता येत नाही. २०२४ साली भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी तो निवडून आला. ही त्याची निराळीच दुसरी संधी म्हणायची. या निवडीवर वर्गात चर्चा जरूर करा, कारण मैदानात उतरणे आणि खेळाडूंचा प्रतिनिधी होणे या दोन्हींना एकच कसोटी लावायची का, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

शिक्षकांना एक विनंती. चिंचोक्यांचा प्रयोग दोनदा करून घ्यावा. दुसऱ्या वेळी एका मुलाला गुपचूप सांगावे की तिसऱ्या फेकीनंतर दहा फाका परत मिसळ. बाकीच्यांनी फक्त प्रत्येक फेकीनंतर उरलेले आकडे पाहून आलेख काढायचा आणि मध्येच भर पडली का, पडली तर केव्हा, हे ओळखायचे. आणि जी मुले शाळेच्या संघात आहेत त्यांनी घरी जाऊन खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. टर्ब्युटालिन हे नाव सापडले तर बाटली फेकू नका. ते चांगले औषध आहे. मात्र तुम्ही राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळत असाल तर डॉक्टरांना तसे आधी सांगा. आजारासाठी असे औषध खरोखरच लागत असेल तर त्याची आगाऊ परवानगी मागण्याची सोय आहे, आणि त्या अर्जावर डॉक्टरांची सही लागते.